भिंतीआडचें काम : घरांतील वातानुकूलन यंत्राची बसवणी



चैत्र लागला कीं शहरांतील मध्यम स्थितीच्या घरांतून हल्लीं एक खल सुरू होतो. वातानुकूलन यंत्र, ज्याला आपण सर्व जण नुसतें ‘एसी’ म्हणतों, तें घ्यावयाचें तर कोणत्या कंपनीचें, किती टनांचें आणि किती ताऱ्यांचें? या खलांत आठ-पंधरा दिवस सहज जातात. दुकानांत हजार-पांचशें रुपयांसाठीं घासाघीस होते. मग यंत्र घरीं येतें, तें बसविणारा कारागीर येतो, आणि ज्या कामाला तीन-चार तास लागावयाचे तें तासाभरांत उरकावें म्हणून आपण त्याच्या पाठीशीं उभे राहतों.

मला आज जें सांगावयाचें आहे तें या शेवटच्या तासाविषयीं. घरांतील फ्रिज कारखान्यांतून संपूर्ण होऊन येतो. त्याच्या नळ्या तेथेंच झाळून बंद केलेल्या असतात, आणि आपण फक्त बटण दाबावयाचें असतें. स्प्लिट एसीची गोष्ट तशी नाहीं. त्याचा एक भाग खोलींत, दुसरा खोलीबाहेर, आणि दोहोंना जोडणाऱ्या नळ्या व तारा आपल्या भिंतींतून जावयाच्या. म्हणजे हें यंत्र अर्धें कारखान्यांत तयार होतें आणि अर्धें आपल्या घरीं. पहिल्या अर्ध्याची तपासणी करावयास कारखान्यांत माणसें नेमलेलीं असतात. दुसऱ्या अर्ध्याची तपासणी घरच्या माणसांनीं केली नाहीं, तर ती बहुधा कोणीच करीत नाहीं. म्हणून हें काम कसें चालतें, हें सुशिक्षित गृहस्थाला व गृहिणीला ठाऊक असावें, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम यंत्राचें तत्त्व थोडक्यांत सांगतों. हें यंत्र थंडी उत्पन्न करीत नाहीं. खोलींतील उष्णता उपसून तें बाहेर टाकतें. विहिरीवरचा पंप जसा पाणी खालून वर आणतो, तसा हा उष्णतेचा पंप होय, आणि शास्त्रांत त्याला ‘हीट पंप’ असेंच म्हणतात. मातीच्या माठांतील पाणी पाझरून वाळतें व वाळतांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें, हें आपण लहानपणापासून पाहत आलों. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाची नळी गरम लागते, हेंहि आपल्या अनुभवाचें. या दोन अनुभवांची सांगड म्हणजे हें यंत्र. सध्यां पुष्कळ यंत्रांत ‘आर-३२’ नांवाचा वायु असतो. साध्या हवेच्या दाबाखालीं तो उणे ५२ अंश सेल्सिअसच्या सुमारासच उकळतो. खोलींतील नळींत तो द्रवरूपानें येऊन उकळतो व खोलीची उष्णता घेतो. बाहेरील भागांत कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हां तो तापतो व ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन पुन्हां द्रव होतो. 

या विचाराला बराच इतिहास आहे. फ्रेंच इंजिनियर साडी कार्नो यानें १८२४ सालीं उष्णता व काम यांचा संबंध मांडला. विल्यम थॉमसन, जो पुढें लॉर्ड केल्व्हिन झाला, त्यानें १८५२ सालीं अशा यंत्रानें इमारती उबदार ठेवतां येतील असें सुचविलें. स्वित्झर्लंडमधील झूरिच शहराच्या नगरगृहांत १९३८ सालीं नदीच्या पाण्यांतील उष्णता उपसून इमारत गरम करणारें यंत्र बसलें. आपल्याकडे दिल्ली, ग्वाल्हेर, इंदूर या बाजूला जीं मराठी कुटुंबें राहतात त्यांना ‘गरम-थंड’ एसी परिचयाचा असेल. त्यांत एक झडप वायूचा प्रवाह उलटा फिरविते. मग बाहेरची उष्णता आंत येऊं लागते. विजेची शेगडी एक युनिट विजेपासून एका युनिटाइतकीच उष्णता देते. हीट पंप मात्र अनुकूल हवामानांत तिच्या सुमारें तिप्पट देतो. कारण तो उष्णता तयार न करतां केवळ वाहून आणतो. मुंबईकराला त्याची गरज पडत नाहीं. पण यंत्र तेंच, आणि बसवणीचे नियमहि तेच.

‘टन’ या शब्दाचा पुष्कळांना उलगडा होत नाहीं. दीड टनाचें यंत्र म्हणजे दीड टन वजनाचें यंत्र, असें समजून भिंतीची काळजी करणारीं माणसें मीं पाहिलीं आहेत! हा शब्द बर्फाच्या व्यापारांतला आहे. एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितकी उपसण्याची शक्ति म्हणजे एक टन. आजच्या मापानें सुमारें ३.५ किलोवॅट. १८३३ सालीं अमेरिकेहून जहाजानें बर्फ कलकत्त्यास आला होता, तेव्हां बर्फ टनानेंच मोजीत. बर्फाचीं जहाजें गेलीं, माप राहिलें.

आतां प्रत्यक्ष बसवणीकडे वळूं. खोलींतील भागांत तीन वस्तु मुख्य असतात. ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे ओवलेली तांब्याची नळी, तिच्यावरून हवा खेळविणारा लांबट पंखा, आणि खालीं पाणी झेलणारी पन्हळ. हा भाग छतापासून वीतभर खालीं असावा, म्हणजे त्याला वरून हवा घेतां येते. तो विजेच्या बोर्डावर किंवा दूरदर्शन संचावर कधींहि टांगूं नये. कारण केव्हां तरी पाणी ठिबकणारच, असें धरून चालावें. निजणाराच्या डोक्यावर थेट वारा येणार नाहीं, हेंहि पाहावें.

पाण्याची गोष्ट क्षुल्लक नाहीं. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी यांसारख्या समुद्रकांठच्या गांवीं हवेंत ओल इतकी असते, कीं दीड टनाच्या यंत्रांतून तासाला लिटरभर पाणी सहज निघतें. हें पाणी केवळ उतारानें वाहून जातें. त्याला ढकलणारें कांहीं नसतें. म्हणून निचऱ्याच्या नळीला तिच्या सबंध लांबींत ढाळ पाहिजे, निदान शंभर सेंटिमीटरला एक. मध्यें कोठें नळी वर उचलली गेली कीं तेथें पाणी तुंबतें, शेवाळ धरतें, आणि आषाढांत भिंतीवरून ओघळ येतात. भिंतीचें भोंकहि बाहेरच्या बाजूस किंचित्‌ उतरतें असावें, नाहींतर पावसाचें पाणी उलट आंत येतें. गवंड्याकडे पाणसळ असते. एसी बसविणाऱ्याकडेहि ती असते. ती त्यानें खिशांतून काढली कीं नाहीं, एवढें पाहिलें तरी पुरे.

यानंतर तांब्याच्या नळ्या. दोन असतात, एक बारीक व एक जाड. त्यांचीं टोकें कर्ण्यासारखीं पसरवून, पितळी नट आंवळून जोड करतात. पसरविलेल्या टोकाला चीर गेली किंवा नट वांकडा बसला, तर वायु हळूहळू निसटतो. दोन्ही नळ्यांवर वेगवेगळें आवरण असावें. दोघींना एकाच आवरणांत गुंडाळूं नये, कारण एकीची थंडाई दुसरीला लागून वीज व्यर्थ खर्च होते.

येथें एक लोकभ्रम दूर केला पाहिजे. दर उन्हाळ्यांत ‘गॅस संपला’ असें सांगून तो भरून घेण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. वास्तविक हा वायु स्वयंपाकाच्या गॅससारखा खर्च होत नाहीं. बंद नळ्यांतून तोच तो वायु वर्षानुवर्षें फिरावयाचा असतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठें तरी गळती आहे, एवढाच. गळती न शोधतां गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय.

नळ्या जोडल्यावर त्यांत हवा व ओल राहिलेली असते. ती काढण्यास व्हॅक्यूम पंप लावतात, आणि घाई होते ती बहुधा येथेंच. शाळेंत आम्ही मुलांना एक प्रयोग दाखवीत असूं. चंबूंतील पाणी उकळून तोंड बुचानें घट्ट बंद करावयाचें आणि चंबू उलटा करून त्यावर थंड पाणी ओतावयाचें. आंतला दाब उतरला कीं निवत चाललेलें पाणी पुन्हां उकळूं लागतें. व्हॅक्यूम पंप हेंच करतो. हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीचा. तो पंपानें अर्ध्या मिलिमीटरपर्यंत उतरविला, म्हणजे नळ्यांत लपलेलें पाणी वाफ होऊन निघून जातें. याला वेळ लागतो. ओल तशीच राहिली तर ती कॉम्प्रेसरच्या तेलाशीं मिळून आम्ल करते, आणि दहा वर्षें चालावयाचें यंत्र तिसऱ्या-चौथ्या वर्षीं बसतें. कित्येक कारागीर पंप न लावतां यंत्रांतला थोडा वायु सोडून त्याच्या झोतानें हवा हांकलतात. हें करूं देऊं नये. एक तर आर-३२ हा वायु मंदपणें कां होईना पेट घेणारा आहे. दुसरें, वातावरण तापविण्याची त्याची शक्ति कार्बन डायॉक्साइडच्या सुमारें पावणेसातशें पट आहे. पंप चालू असतांना घड्याळ पाहून चुळबूळ करण्याऐवजीं त्या कारागिराला चहा विचारावा.

आतां विजेचें काम. यांतील चूक डोळ्यांना दिसत नाहीं, आणि तिची किंमत कधीं कधीं पैशांत मोजतां येत नाहीं.

दीड टनाचें यंत्र भर उन्हांत साधारण सात-आठ अँपिअर वीज घेतें, आणि तीहि तासन्‌तास. म्हणून त्याला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तार असावी. गीझर किंवा इस्त्रीच्या जागेवर दुसरी सॉकेट जोडून, अथवा एक्स्टेन्शन बोर्ड लावून तें चालवूं नये. तार तांब्याची, बहुधा ४ चौरस मिलिमीटर जाडीची, आणि तिच्या उगमाशीं २० अँपिअरचा एमसीबी, अशी आपल्याकडे सामान्य पद्धत आहे. तथापि यंत्राबरोबर येणाऱ्या पत्रकांत जें लिहिलें असेल तें प्रमाण मानावें. तारेला मध्यें जोड नसावा. जोड ढिला झाला कीं त्याचा विरोध वाढतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. पट्टीच्या आड लपविलेला ढिला जोड महिनोन्‌महिने भाजत राहतो, आणि एके दिवशीं जळका वास येतो. समुद्रकांठीं खाऱ्या हवेनें स्क्रूखालचें तांबें हिरवें पडतें, म्हणून तेथें दोन-तीन वर्षांनीं हे स्क्रू आंवळून घ्यावे.

आंतला व बाहेरचा भाग जोडणारी केबल निराळी असते. तींत फेज, न्यूट्रल, अर्थ आणि दोन्ही भागांत संदेश नेणारी तार असते. दोन्हीकडच्या पट्टीवर क्रमांक छापलेले असतात. एकाला एक, दोनाला दोन, असेंच जोडलें पाहिजे. संदेशाच्या तारेवर चुकून पूर्ण दाब आला तर आंतील सर्किटचें क्षणांत भस्म होतें. काम झाल्यावर प्रत्येक तार हातानें हलकेच ओढून पाहण्याची पद्धत जुन्या वायरमनांत होती. ती मला फार शहाणपणाची वाटते. अर्थात्‌ हें सर्व मुख्य स्विच बंद करून आणि टेस्टरनें खात्री करून. बाहेर जाणारी केबल यंत्रांत शिरण्यापूर्वीं झोळीसारखी खालीं लोंबती ठेवावी, म्हणजे पावसाचें पाणी तिच्यावरून आंत न जातां तळाशीं ठिबकतें.

आतां अर्थिंग. हिरवी तार जोडली म्हणजे अर्थिंग झालें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती तार पुढें कोठें जाते, हें कोण पाहतो? आमच्या ओळखीच्या एका घरीं नव्या यंत्राच्या पत्र्याला हात लागला कीं मुंग्या येत. तपासतां असें आढळलें कीं, सॉकेटमधील तिसऱ्या भोंकाला तार होती, पण ती भिंतींत हातभर जाऊन संपली होती. घर बांधणाऱ्याला ती पुढें नेण्याचें कोणी सांगितलें नव्हतें, आणि विचारलेंहि नव्हतें.

मी शाळेंत शिकविलेला ओहमचा नियम येथें उपयोगीं पडतो. दाब भागिले विरोध, बरोबर प्रवाह. समजा, यंत्रांत फेजची तार सोलून ती बाहेरील पत्र्याला टेकली. अर्थिंग उत्तम असेल व सबंध वाटेचा विरोध एक ओहम असेल, तर २३० भागिले १, म्हणजे २३० अँपिअरचा लोंढा वाहील आणि एमसीबी पापणी लवण्याच्या आंत पडेल. आतां समजा, खड्डा कोरडा पडला आहे आणि विरोध दहा ओहम झाला आहे. मग २३० भागिले १०, म्हणजे प्रवाह २३ अँपिअर. वीस अँपिअरच्या एमसीबीला हा भार किंचित्‌ जास्त एवढाच वाटतो. तो तासभरहि पडणार नाहीं. तेवढा वेळ पत्रा जिवंत राहणार. आणि मनुष्याच्या शरीरांतून पन्नास मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा विसावा हिस्सा, थोडा वेळ गेला तरी हृदयाची लय बिघडून प्राण जाऊं शकतो. यावरून उघड होईल कीं, एमसीबी तारेचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. माणसासाठीं ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नांवाचा निराळा खटका मिळतो. जाणारा व परतणारा प्रवाह यांत तेवढी तफावत पडली कीं तो वीज तोडतो. त्यावर एक चांचणीचें बटण असतें. महिन्यांतून एकदां तें दाबावें. खटका पडला तर ठीक, न पडला तर वायरमनास बोलवावें. जुन्या पद्धतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यांत कोळसा व मीठ घातलेलें असतें; उन्हाळ्यांत तेथें पाणी ओतणें हें सोसायटीच्या कामांपैकीं एक समजलें पाहिजे.

माझा एक विद्यार्थी गेलीं कित्येक वर्षें हेंच काम करतो. वर्गांत तो मागच्या बाकावर बसे, पण हात फार स्वच्छ. मीं त्याला एकदां विचारलें, “अरे, सगळ्यांत अवघड काय?” मला वाटलें तो व्हॅक्यूमचें किंवा वायरिंगचें नांव घेईल. तो म्हणाला, “सर, खिडकीबाहेर पाय टाकणें. घरवाले म्हणतात, पाहुणे यायचेत, लवकर कर. पट्टा बांधायला दहा मिनिटें लागतात, तीं कोणाला द्यायचीं नसतात.” तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या हातभर रुंद कट्ट्यावर, एका हातानें खिडकीची सळई धरून, दुसऱ्या हातानें तीस-चाळीस किलोचा बोजा सांवरणारीं हीं मुलें आपण रोज पाहतों. ज्याला आपण घाई करतों त्याचा जीव त्या दहा मिनिटांवर टांगलेला असतो. कमरेचा पट्टा बांधल्याशिवाय माझ्या खिडकीबाहेर जावयाचें नाहीं, असें सांगण्याचा अधिकार घरमालकाला आहे, आणि माझ्या मतें तें त्याचें कर्तव्यहि आहे. कारागिरानें पट्टा आणला नसेल तर काम दुसऱ्या दिवशीं होऊं द्यावें. एक रात्र उकडलें म्हणून कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

समारोप करतांना पांच गोष्टी सांगतों. श्रोत्यांनीं त्या टिपून घेतल्या तर बरें. पट्टा बांधला का? निचऱ्याला ढाळ आहे का? व्हॅक्यूम पंप लावला का, आणि किती वेळ? यंत्राला स्वतंत्र तार व एमसीबी आहे का? अर्थिंग मोजून पाहिलें का, आणि आरसीसीबीचें बटण दाबल्यावर खटका पडला का? हे प्रश्न कारागिरास अविश्वासानें विचारूं नयेत. ज्याला आपलें काम येतें त्याला असे प्रश्न आवडतात, असा माझा अनुभव आहे. वर्गांतील हुशार मुलाचें आणि त्याचें यांत साम्य आहे.

काम संपल्यावर यंत्र सुरू करून अर्धा तास तरी त्याला बसवून घ्यावें. पाणी बाहेर नीट पडतें कीं नाहीं, जोडांवर साबणाचा फेस लावल्यास बुडबुडे येतात कीं काय, तें दोघांनीं मिळून पाहावें. जानेवारी २०२० पासून आपल्या देशांत अशीं यंत्रें २४ अंशांवर लावूनच विक्रीस येतात. तो आंकडा तसाच राहूं दिला तर प्रकृतीलाहि बरें आणि विजेच्या बिलालाहि. बसवणीच्या दिवशींची तारीख, तारेची जाडी, नळीची लांबी व कारागिराचा दूरध्वनि क्रमांक एका कागदावर लिहून तो कागद बोर्डाच्या दाराला आंतून चिकटवून ठेवावा. पुढें जो कोणी दुरुस्तीस येईल त्याचा अर्धा तास आणि आपले कांहीं पैसे त्यानें वांचतील.